आवाज वेगळा, चित्र वेगळं

नसीम,

परवा तुझ्या घरी बसायला आले होते. छावणीतल्या तुमच्या पुढच्या खोलीत बायका दाटीनं बसलेल्या. तुझ्या सासरकडच्या एका म्हाताऱ्या खालांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तू नसीमकी कौन लगती गे?" मी म्हटलं, "आम्ही दोघी एकाच ठिकाणी कामाला होतो, खाला. राउटर बसवायचो." त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. जरा थांबल्या, माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "हमारे घर का बंद पड्या है. जाते वक्त देख ले जरा."

मला जे हसू फुटलं, नसीम! ओढणी तोंडात कोंबली तरी खांदे हलायचे थांबेनात. शेजारच्या बाईला वाटलं मी हमसून रडतेय. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आणि मग खरंच रडू आलं, कारण ही गंमत जिला सांगायची तीच तिथं नव्हती.

जाताना खालांच्या घरी डोकावले. वायर ढिली झाली होती, बाकी काही नाही. नीट खोचून दिली. तूही तेच केलं असतंस.

राउटर म्हटलं की लोक वायफायचा डबा घेऊन यायचे आणि मी चिडायचे. तुला म्हणायचे, "अगं, आपण काय काम करतो हे ह्या लोकांना कधी कळणार?" तू मात्र लग्नाच्या मांडवातसुद्धा कुणाचा तरी डबा मांडीवर घेऊन उलटापालटा करायचीस आणि तो बघता बघता समोरच्याला आपलं काम समजावून द्यायचीस. मला ते सगळं पाठ आहे. "बघा चाचा, मोठी बिल्डिंग आहे. एकीकडं कॅमेरे, माईक, कॉम्प्युटर. दुसरीकडं पडदे, टीव्ही, स्पीकर. ह्या कॅमेऱ्याचं चित्र आत्ता त्या पडद्यावर पायजे, घटकाभरानं दुसऱ्याच खोलीत पायजे. दर वेळी वायर उपटून कोण पळत बसंल? म्हणून मधी एक मोठं कपाट. सगळ्या वायरी त्याच्यात येतात, त्याच्यातूनच बाहेर जातात. बटण दाबलं की आतल्या आत जोडणी बदलती. आमचा राउटर म्हणजे ते कपाट."

एकदा एका चाचांनी विचारलं, "मतलब एकाच कॅमेऱ्याचं चित्र सगळ्या पडद्यांवर जाईल?"

"जाईल की. मुशायऱ्यात शायर एकच असतो, ऐकणारे हजार. पण ऐकणाऱ्यानं एका टायमाला एकच शायर ऐकायचा. दोन ऐकायला गेला तर त्याचं डोकं फिरतंय."

मी हीच गोष्ट कागदावर चौकटी काढून सांगायचे. आडव्या तारा, उभ्या तारा, जिथं त्या एकमेकींना छेदतात तिथं एक छोटं दार, दार उघडलं की सिग्नल पलीकडं. माझं काही चूक नव्हतं. पण लोकांच्या लक्षात तुझे शायर राहायचे.

आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा तू माझ्याशी धड बोलली नव्हतीस, आठवतं? मालकांनी आपल्या दोघींना एकाच सुमारास कामावर घेतलं होतं. दोघीही इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमावाल्या. त्यांना वाटलं असणार, दोन मुली आहेत, एकमेकींना सोबत होईल. सोबत कसली, आपण दोघी रॅकच्या दोन बाजूंना पाठ करून बसायचो. मी केबलींचा जुडगा बांधत होते, एकसारखा, सरळ रेषेत, मनातल्या मनात स्वतःवर खूश. तू मागून आलीस, वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "गाठ सुंदर हाय तुझी. पण आवळलीस लई."

मी म्हटलं, "ढिली ठेवली तर लोंबेल ना."

"लोंबत नाय. आणि आवळली तर आतून दबती. बाहेरून कळत पण नाय. सहा महिन्यांनी चित्रात कचरा यायला लागला की मग शोधत बसायचं." तू माझी गाठ कापलीस, दुसरी बांधलीस, आणि तिच्यातून तुझी करंगळी आरपार घालून दाखवलीस. मला राग आला होता. दुपारी डबा खाताना तू माझ्या भाकरीबरोबरचा ठेचा न विचारता उचललास तेव्हा राग गेला. दुसऱ्या दिवसापासून मी पडेगावहून निघायचे, तुला छावणीतून स्कूटरवर मागं घ्यायचे, आणि कामावर पोचेपर्यंत तू माझ्या कानाशी अखंड बोलत राहायचीस. अर्धं वाऱ्यात जायचं. उरलेल्या अर्ध्यावर माझा दिवस चालायचा.

किती ठिकाणी कपाटं बसवली आपण. पण ज्या कामाबद्दल मी सगळ्यांना सांगत सुटते ते एकच, इस्पितळाचं. डॉक्टर घडवणारं इस्पितळ ते. चार ऑपरेशन थिएटर, वर्ग, आणि पायऱ्यापायऱ्यांचं मोठं सभागृह. ऑपरेशन चालू असताना ते विद्यार्थ्यांना सभागृहातल्या पडद्यावर दिसलं पाहिजे, डॉक्टरांचं बोलणं ऐकू आलं पाहिजे, विद्यार्थ्यांचे प्रश्न आत पोचले पाहिजेत. एवढा मोठा राउटर आपण दोघींनी तोवर फक्त चित्रात बघितला होता.

तो आला आणि कंट्रोल रूमच्या दारातून आतच जाईना. खोकं फोडलं, तरी जाईना. चार माणसं त्याला आडवं-उभं करून बघत होती आणि तू शांतपणे त्याच्यातली कार्डं एक एक करून बाहेर काढायला लागलीस. इस्पितळाचे व्यवस्थापक धावत आले. "अहो बाई, नवीन मशीन आहे! उघडता काय?" तू म्हणालीस, "सर, पोटातलं काढल्याशिवाय बारीक कसं होणार?" सगळी कार्डं काढल्यावर तो सांगाडा हलका झाला, त्याचे कान, म्हणजे बाजूच्या पट्ट्या, उतरवले आणि तो अलगद आत गेला. त्या गृहस्थांचा जीव दुसऱ्यांदा घशाशी आला तो चाचणीच्या दिवशी. राउटरला दोन वीजपुरवठे असतात, एक बंद पडला तरी दुसरा पेलतो, हे तू त्यांना तोंडानं सांगितलं नाहीस. सगळे पडदे चालू असताना एक सरळ उपसून त्यांच्या हातात दिलास. ते त्या गरम डब्याकडं बघत राहिले, पडद्याकडं बघत राहिले. चित्र पापणीसुद्धा न हलवता चालू होतं. त्यानंतर त्यांनी रोज चहा पाठवला.

आणि मग आपलं भांडण झालं. खरं तर त्याला भांडण म्हणायचं की संसार, मला अजून कळलेलं नाही.

इस्पितळाचं म्हणणं होतं, पॅनल सोपं हवं. थिएटरमधल्या सिस्टरला हातमोज्यांसकट दाबता यावं. एक बटण दाबलं की त्या जागेचं चित्रही यावं आणि आवाजही. मला ते पटलं होतं. चित्र आणि आवाज एकाच जागेचे, मग ते जोडीनंच फिरायला हवेत, नाहीतर गोंधळ. तुला नाही पटलं. "सुषमा, माणूस बघतंय एकीकडं आणि ऐकतंय दुसरीकडं. आपण स्वयंपाक करताना तव्याकडं बघतो आणि कान दारावर असतात का नाय? आवाजाला त्याचा रस्ता वेगळा ठेव."

"ठेवलाय की. मशीन दोन्ही वेगळं करू शकतं. पण सिस्टरच्या बटणावर जोडीच राहू दे."

"आणि अडलं तर?"

"अडलं तर आपण आहोत ना वर कंट्रोल रूममधी."

तू सिस्टरच्या बटणावर जोडी राहू दिलीस. पण आपल्या मोठ्या पॅनलवर 'फक्त आवाज' असं एक बटण लावून घेतलंस. वर पिवळी चिकटपट्टी लावलीस आणि मला म्हणालीस, "हे माझं. हात लावू नको."

त्या कार्यशाळेच्या दिवशी सभागृह खच्चून भरलेलं. दुसऱ्या थिएटरमध्ये एका लहान मुलीच्या कानाचं ऑपरेशन होतं. इथल्या डॉक्टर मॅडम करत होत्या, आणि बाहेरून आलेले एक ज्येष्ठ सर्जन सभागृहात पहिल्या रांगेत माईक घेऊन बसले होते. मॅडम काही विचारायच्या, ते सांगायचे. आपण दोघी कंट्रोल रूममध्ये. समोर सगळे पडदे, कानावर दोन्हीकडचं बोलणं. मायक्रोस्कोपमधून ते एवढंसं कानामागचं हाड आणि त्यावर फिरणारं ते बारीक ड्रिल. मला बघवेना. तू मात्र पुढं वाकून बघत होतीस.

मॅडमनी सिस्टरला म्हटलं, "तो स्कॅन लावा हो माझ्या पडद्यावर."

सिस्टरनं बटण दाबलं. मॅडमच्या पडद्यावर सभागृहाच्या जागी स्कॅन आला. आणि चित्राबरोबर सभागृहाचा आवाजही गेला. स्कॅनला कुठला आलाय आवाज? थिएटरमध्ये शांत झालं. मॅडमना वाटलं, समोरचे बघताहेत, कुणाला काही म्हणायचं नाही. त्यांनी काम पुढं चालू ठेवलं.

इकडं सभागृहात ते ज्येष्ठ सर्जन मोठ्या पडद्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, जरा थांबा. इथं नस नेहमीच्या जागेपेक्षा वर दिसतेय." ड्रिल थांबलं नाही. ते उठून उभे राहिले. "मॅडम, थांबा!" ड्रिल चालूच.

चेहऱ्याची नस तिथून जाते, हे मला नंतर कळलं. ती दुखावली असती तर त्या मुलीचा अर्धा चेहरा लुळा पडला असता. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की एक माणूस ओरडतोय आणि दुसऱ्याला ऐकू जात नाहीये. मी फोनकडं हात नेला. तू फोनकडं बघितलंसुद्धा नाहीस. तुझं बोट पिवळ्या पट्टीवर गेलं. फक्त आवाज. थिएटर दोन. सभागृह माईक. मग जोडणीचं बटण. स्कॅन मॅडमच्या पडद्यावर होता तसाच राहिला आणि त्याच्यावर त्या सरांचा आवाज जाऊन पोचला, "थांबा म्हणतोय ना!"

ड्रिल थांबलं.

"सॉरी सर, आवाज आला नव्हता," मॅडम म्हणाल्या. "बोला."

मग त्या दोघांनी स्कॅन बघत, एकमेकांशी बोलत, सावकाश वाट बदलली. सभागृहातल्या कुणाला काही कळलंही नाही. मी तुझ्याकडं बघितलं. तू चष्मा काढून कुर्त्याच्या टोकाला पुसत होतीस. मला वाटलं आता तू म्हणणार, बघ, सांगितलं होतं ना. तू म्हणालीस, "सिस्टरला सांग, बटण बरोबरच दाबलं होतं म्हणून. नायतर बिचारी घाबरून पुन्हा हातच लावायची नाय."

ती मुलगी नंतर तपासणीला आली, तेव्हा आपण वऱ्हांड्यात शिडी लावून छतातली केबल बघत होतो. मॅडम तिला म्हणाल्या, "गाल फुगव बघू." तिनं दोन्ही गाल टम्म फुगवले, दोन्ही सारखे. तू शिडीवरून तिच्याकडं बघून तुझे गाल फुगवलेस. मग तिनं पुन्हा. मग तू पुन्हा. मॅडम हसून हसून भिंतीला टेकल्या आणि मी खाली शिडी धरून ओरडत होते, "पडशील गं!"

वाद मात्र संपला नाही. कसा संपेल? थोड्याच दिवसांनी तू कुठल्याशा तपासणीसाठी वर्गाचा आवाज वेगळा करून ठेवलास आणि परत जोडायला विसरलीस. वर्गात सर पोटाचं ऑपरेशन दाखवत होते आणि सभागृहात गॅदरिंगची तालीम चालू होती. पडद्यावर टाके पडताहेत आणि स्पीकरमधून ढोलकी! मुलं बाकांवर ठेका धरायला लागली. मी धावत आले. तू खुर्चीत बसून डोळे पुसत होतीस, हसून हसून. मी म्हटलं, "म्हणून म्हणते, जोडी सोडायची नाय." तू म्हणालीस, "अगं पण टाके किती तालात पडले!"

एक-एक. त्याच्यापुढं आपण गेलोच नाही. प्रत्येक नव्या कामावर तू आवाज सुटा ठेवायला बघायचीस, मी जोडायला बघायचे, आणि शेवटी दोन्ही करून द्यायचो. मला वाटायचं, म्हाताऱ्या होईपर्यंत हे असंच चालेल. तू इतकी अचानक गेलीस की आदल्या दिवशीचं बोलणंसुद्धा अर्धं राहिलं. मी स्कूटर लावत होते आणि तू म्हणालीस, "थांब, एक सांगायचंय, उद्या सांगते." काय होतं ते? बहुतेक एखादा विनोद असणार. बहुतेक तू तो सांगायच्या आधीच हसली असतीस आणि मला काही कळलं नसतं.

आणि माझंही एक राहून गेलं. सकाळी छावणीच्या वळणावर तू ओढणी सावरत उभी दिसायचीस ना, तेव्हा मला रोज बरं वाटायचं. इतक्या वर्षांत कधी तसं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "चल, गाडी काढ, उशीर होतोय."

आता तुझ्या मियाँचं, इक्बालभाईंचं सांगते. तुला हे कळायलाच पाहिजे.

त्या दिवशी बायका उठून गेल्यावर ते दाराशी आले. जन्म वाळूजच्या कारखान्यात पाळ्या करण्यात गेला त्यांचा. तू कामाला निघायचीस तेव्हा ते झोपलेले, ते निघायचे तेव्हा तू यायचीस. म्हणाले, "सुषमाताई, एक विचारू का? नसीम तिथं नेमकं काय करायची? मी कधी बघितलंच नाय. ती म्हणायची, वायरी जोडते. मला दाखवता?"

काल त्यांना इस्पितळात घेऊन गेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, लग्नाला जावं तसे. कंट्रोल रूममध्ये शिरताना दाराशी चपला काढल्या. मी नको नको म्हणत होते, पण त्यांनी ऐकलं नाही. मी त्यांना तुझे शायर सांगितले, माझ्या चौकटी नाही. कुठलं बटण दाबल्यावर काय होतं ते दाखवलं. त्यांनी एक बटण भीत भीत दाबलं, समोरच्या पडद्यावर रिकामं थिएटर आलं, आणि ते चटकन माझ्याकडं वळून म्हणाले, "हे मी केलं?"

"तुम्हीच केलं."

मग त्यांनी सगळी थिएटरं बघितली, सगळे वर्ग बघितले, वऱ्हांडाही बघितला. तेवढ्यात डॉक्टर मॅडम आल्या. खाली सभागृहात त्यांचं लेक्चर होतं, मुलं येऊन बसली होती, पण इक्बालभाई आल्याचं कळलं म्हणून त्या आधी वर आल्या. त्यांनी उभ्या उभ्याच त्या मुलीची गोष्ट सांगितली. कार्यशाळेचा दिवस, ड्रिल, नस, आवाज, सगळं. म्हणाल्या, "मी त्याच बाजूला चालले होते, भाई. त्या मुलीचा चेहरा आज सरळ आहे तो तुमच्या नसीममुळं."

इक्बालभाई पॅनलवर हात टेकून उभे होते. त्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, नसीम. तू घरी सांगितलंच नव्हतंस.

मग ते एकदम म्हणाले, "तो दिवस मला आठवतोय. सुट्टी होती माझी. घरी नान-खलिया केला होता. ही आली, हात धुतले, बसली, आणि सगळं खाल्लं. मेरे हिस्से का भी खा गई! मी म्हटलं, आज काय झालं गं तुला? तर म्हणाली, कुछ नई, भूक लगी थी."

आणि हसण्याचा मोठा आवाज आला. आमचा नव्हे. समोरच्या स्पीकरमधून, खालून, भरल्या सभागृहाचा.

इक्बालभाई दचकले. "कोण हसतंय?"

मी बघितलं. मुलं येण्याआधी मी सभागृहाचे स्पीकर तपासले होते, त्यासाठी कंट्रोल रूमचा माईक तिकडं जोडलेला होता. बटण दाबून धरलं की इथलं बोलणं तिथं जातं. आणि त्या बटणावर त्यांचा तळवा टेकलेला होता.

"भाई, तुमचा हात," मी म्हटलं. "सगळं सभागृह ऐकतंय."

मला वाटलं ते हात काढतील. मॅडमनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांनी हात पुढं केला होता. इक्बालभाईंनी एकदा त्या बटणाकडं बघितलं, एकदा पडद्यावरच्या त्या सगळ्या पोरापोरींकडं. हात तसाच ठेवला. शर्टाची कॉलर सारखी केली, माईकजवळ वाकले आणि म्हणाले, "नसीम नाव होतं तिचं. माझी बायको. हे सगळं तिनं जोडलंय."